दोन बोटं माया

४ नोव्हेंबर

दुकान उघडलं. झाडलं. बसले. कात्रीची खुर्ची कापायच्या टेबलाशी तशीच. उचलून आत ठेवावी म्हटलं तर हात उचलेना. कात्री जाऊन महिना होत आला.

एक बाई आली. कापणाऱ्या बाई कुठायत म्हणे. गेल्या, म्हटलं. तर म्हणते, परत कधी येतील? आता काय सांगणार! सोमवारी बघा, म्हणून मोकळी झाले. वेडीच आहे मी.

५ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. कंबर दुखते.

७ नोव्हेंबर

कपाट आवरायला काढलं. तळाशी एक गाठोडं सापडलं. करडं लोकरी कापड — कोट कापून ठेवलेला! पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, अस्तरसुद्धा. खडूच्या खुणा अजून ताज्या. पण नावाची चिठ्ठी नाही. गिऱ्हाइकाचं नाव टाचल्याशिवाय ती कापडाला हात लावायची नाही. ती कापणार, मी शिवणार, उभा जन्म हेच केलं. मला अजून सरळ रेघेत कापता येत नाही. म्हणून ती कात्री. आणि मी सुई — टोचून बोलते म्हणून!

संध्याकाळी तिच्या घरी गेले. भावजी निम्मे झालेत. कोटाचं विचारलं तर म्हणाले, ते काही ठाऊक नाही, पण दवाखान्यात शेवटी शेवटी एकच धरून बसली होती. "सुईला सांगा, तिच्यासाठी माया ठेवलीय." तेव्हा तिची पोर उशाशीच बसलेली. बघ, पोरीवर किती जीव होता, म्हणाले आणि ढसाढसा रडले.

मला रडता रडता हसू फुटलं. अहो भावजी, ही शिवणीतली माया! शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ती! शिवणकाम करणाऱ्या बाईबरोबर एवढा संसार केला आणि हे माहीत नाही?

म्हणजे कोट पोरीचाच. महिनाअखेरीला ती नोकरीसाठी निघालीय, थंडीच्या मुलखात. कात्रीच्या हातचं शेवटचं काम पोरीच्या अंगावर जायलाच हवं. तेवढं माझ्या हातून होऊ दे. मग दुकानाचं काय करायचं ते बघू.

१० नोव्हेंबर

शिवायला बसले. दोन बोटं माया! एवढी कुणी ठेवतं का? यावरून आमची किती वाजली असेल. मी म्हणायची, कापड वाया घालवतेस. ती म्हणायची, बायका बदलतात गं, कापडाला काय कळतंय! एकदा म्हणून हार मानली नाही.

आता भांडायलाही कुणी नाही. सून म्हणते, आई, दुकानात जाणं जरा कमी करा. तिचंही बरोबर आहे. पण घरी बसून तरी काय करू?

१३ नोव्हेंबर

उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली कापलाय. दोनदा घडी घालून बघितला, टेप लावून बघितला. फरक आहेच. कात्रीची चूक! आणि खडूची खूणसुद्धा खालीच, म्हणजे हात हलला असंही नाही. आखतानाच गेलं. आजार डोळ्यांवर आला असणार आणि बया बोलली नाही. जगापासून लपव, मान्य. माझ्यापासून? असा राग आला! मशीनवर डोकं टेकून रडले. दारात आलेलं गिऱ्हाईक तसंच परत गेलं.

मग मायेतलं कापड बाहेर घेऊन खांदे सारखे केले. कुणाच्या बापाला कळणार नाही. तिची झाकली मूठ राहिली.

१४ नोव्हेंबर

बाह्या लावल्या. दमले.

१९ नोव्हेंबर

कोट झाला. काजं, बटणं, इस्त्री सगळं. दृष्ट लागावी असा झालाय. कुणाला तरी दाखवावा म्हणून मान वळवली. रिकामी खुर्ची. पोरीला उद्या ये म्हणून निरोप धाडला.

२० नोव्हेंबर

पोर आली. आईसारखीच उंच, शिडशिडीत. कोट चढवला — छातीत ढगळ, बाह्या आखूड!

"राहू दे मावशी, मी असाच नेते," ती म्हणाली.

नाही म्हटलं. काढून घेतला. लोक हसतील, आणि हसतील ते कात्रीला. पोर गळ्यात पडली, मी नुसती खांबासारखी उभी.

रस्त्यातून चाललेल्या बाईकडे बघून माप सांगायची ती, आणि स्वतःच्या पोरीचं चुकली? एवढी ढासळली होती? हाताच्या अंतरावर बसून मी मशीन चालवत होते, मला कसं दिसलं नाही? माझ्यासारखी आंधळी मीच. भावजींना काय तोंड दाखवू? हा कोट उसवून टाकायचा. आणि आता दुकानही पुरे. मला कंटाळा आलाय सगळ्याचा.

२२ नोव्हेंबर

उसवायला घेतला. दुकानात मरणाचा गारठा, म्हणून जरा वेळ अंगात घातला. बाह्या मनगटावर बरोबर. छातीत बसला. पाठीत बसला. फक्त उजव्या खांद्यावर चुणी पडत होती. आरशाशी गेले, नीट निरखलं. कोटाचं काही नाही. माझाच उजवा खांदा उतरलाय. मशीनवर वाकून वाकून, कधीपासून कोण जाणे. मला माहीतच नव्हतं.

कधी घेतलंस गं माझं माप?