त्रेपन्न निरंक

लिहून ठेवणार: सत्यभामा शहादेव बडे, वय सहासष्ट, सातवी पास, राहणार मौजे लिंबारवाडी, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड.

हा कागद मी माझ्या हातानं, दिवसाउजेडी, ओसरीवर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मागं माझा मुलगा आदिनाथ सगळ्यात आधी "म्हातारीला भ्रम झालता" असंच म्हणणार. मला कोणी फूस लावलेली नाही. दमदाटी झाली, पण ती हे लिहू नये म्हणून झाली, तेव्हा लिहिलेल्यावर कोणाचं दडपण आहे असं समजू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करणार नाही.

कलम एक. राहतं घर माझे पती कैलासवासी शहादेव यांचं होतं. त्यांच्या मागं ते आदिनाथनं आपल्या नावावर करून घेतलं. माझा काही हक्क निघत असेल तर तोही त्यानंच घ्यावा. घरामागं कुडाची एक खोपी होती. कावळा शिवला की महिन्याचे चार दिवस मी तिथं बसायची. ती पाडून आदिनाथनं मोटारसायकली लावायला जागा केली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती कोणीतरी पाडायलाच हवी होती, मीच पाडली नाही याचं मला वाईट वाटतं.

कलम दोन. माझी बोरमाळ आणि कानातली फुलं माझी मुलगी सुनिता हिच्या मुलीला, म्हणजे नात प्रियदर्शनी हिला द्यावीत. सहा वर्षांपूर्वी आषाढात पाऊस गडप झाला. मुकादम दारात आला, जावयानं ऊसतोडीची उचल घेतली. भादव्यात असा पाऊस लागला की शेतातली तूर माणसाच्या डोक्याला लागली, पण उचल घेतलेली म्हणून दसऱ्यानंतर सगळं घर कुलूप लावून कारखान्यावर गेलं. तूर ढोरांनी खाल्ली. प्रियदर्शनी तेव्हा दहावीत होती. हंगामभर ती फडावर मोळ्या वाहत होती आणि परीक्षेला बसली नाही. पुढच्या तीन महिन्यांत पाऊस आहे एवढं कोणी आषाढात सांगितलं असतं तर ती आज वेगळी मुलगी असती. बोरमाळ मोडून तिनं शिकावं. लग्नात घालायला ती ठेवली तर मला आवडणार नाही.

कलम तीन. उमापूरची एक एकर दहा गुंठे बागायत जमीन मला माझ्या वडिलांनी दिली. तिच्यावर बडे घराण्याच्या कोणाचाही हक्क नाही. ती विकून येणारे पैसे आणि बँकेत माझ्या नावानं असलेली ठेव योगिता तानाजी मिसाळ, राहणार वडवणी, हिच्या संशोधनाला द्यावी. हे वाचून आदिनाथ उठून उभा राहील. त्याला बसवावं आणि पुढं वाचावं.

योगिता हवामान शिकलेली आहे. आपल्या कोरड्या तालुक्यांपुरता पावसाचा अंदाज तीन-तीन महिने आधी कसा सांगता येईल, यावर तिचं काम चालू आहे. त्यासाठी संगणकाला जुना पाऊस शिकवावा लागतो, जितका जुना तितका बरा. आमच्या बाजूला एवढी जुनी नोंद एकाच ठिकाणची आहे, लिंबारवाडीच्या देवळाच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची. एकोणीसशे एकोणऐंशीपासून अडतीस वर्षं, रोज सकाळी साडेआठची. रजिस्टरवर सही मालकांची, म्हणजे माझ्या पतींची, ते गेल्यावर आदिनाथची. मानधनही त्यांनाच मिळालं. माप मी घेत होते. मालक चौथी नापास, काचेच्या नळीवरच्या बारीक रेघा त्यांना कधी जुळल्या नाहीत. मला पहिल्याच दिवशी जुळल्या.

योगितानं तीन वर्षं खपून त्या नोंदींवर काम उभं केलं आणि निधीसाठी अर्ज केला. निधी देणाऱ्या समितीनं अर्ज परत पाठवला. कारण असं की एकोणीसशे त्र्याण्णवपर्यंत दर अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांनी चार दिवस लिंबारवाडीला पाऊसच नाही, आणि त्याच दिवशी शेजारच्या गावांना धो धो. समितीतल्या एका मोठ्या सरांनी त्यावर चंद्रकला आणि पर्जन्य असा लेखही लिहून टाकला होता. त्या लेखावर त्यांचा कुठंतरी सत्कार झाला. योगिता मला विचारायला आली, "मावशे, तुमच्या गावावर चंद्र रुसलाय का?"

मी हसले. हसता हसता मला रडू आलं, आणि पोरगी समजली. तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

कलम चार. हे कलम समितीनं वाचावं म्हणून लिहीत आहे. पर्जन्यमापक देवळाच्या आवारात, कुंपणाच्या आत होता. गुरं शिरू नयेत म्हणून तिथं बसवला होता. गुरांबरोबर महिन्याचे चार दिवस मीही शिरत नव्हते. त्या चार दिवसांत मालकांनी जाऊन माप घ्यायचं, पण ते पारावर असायचे. संध्याकाळी रजिस्टर उघडून चार ओळींत 'निरंक' लिहायचे आणि सही ठोकायचे. सरकारी भाषेत निरंक म्हणजे पाऊस पडला नाही. माप घेतलं नाही याला सरकारी भाषेत शब्द आहे की नाही मला माहीत नाही. असला तरी मालकांनी तो वापरला नसता.

पाचव्या दिवशी न्हाऊन मी आवारात जायची तेव्हा मापक भरलेला असायचा. चार दिवसांचं पाणी एकत्र. पहिल्या वेळी मी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "वतून टाक. आज येकदम साठ लिवलं तर साहेब इचारील, चार दिस काय झोपलतास का बे? मी काय सांगू, बायकू बाहीर बसली व्हती म्हून?"

मी ओतून टाकलं, पण आधी मोजलं. दर वेळी मोजलं. जुन्या वहीत तारीख, कोणते चार दिवस आणि किती मिलिमीटर ते लिहून ठेवलं. एकोणऐंशी ते ब्याण्णव, पावसाळ्याच्या महिन्यांतल्या त्रेपन्न नोंदी. ही वही माझ्या पेटीत वाकळेखाली आहे. रजिस्टरात ज्याला निरंक म्हटलंय तो पाऊस या वहीत आहे, आणि तो खरा आहे. वही योगिताच्या हातात द्यावी. आदिनाथनं तिला हात लावायचा नाही.

योगितानं समितीला हे कळवलं होतं. सरांचं उत्तर आलं की असल्या गोष्टींना पुरावा काय. पुरावा मी आहे. माझा विटाळ मी सरकारी शिक्क्याच्या कागदावर लिहून देत आहे, तारखांसकट. सहासष्ट वर्षांच्या बाईला हे लिहिताना काय होतं ते सरांनी घरी जाऊन विचारावं.

आदिनाथ परवा म्हणाला, "माय, मी पंचायत समितीला उभा ऱ्हाणार हाय. लोक काय म्हणतील? ती वही जाळून टाक ना." मी म्हणाले, "तुझा ऐंशीचा पावसाळा बी त्याच वहीत हाय. तवा येक बी नोंद न्हाई, कारण तू पोटात व्हतास. जाळ की."

त्र्याऐंशीचा पावसाळाही असाच कोरा आहे, तेव्हा सुनिता पोटात होती. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यातही नोंद नाही. योगितानं बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी इथं सांगते. सहा महिने झाले होते, मुलगी होती, आणि ती मला ठेवायची होती. माझ्या म्हणण्याला कोणी विचारलं नाही. तिची दुसरी कुठं नोंद नाही, म्हणून ही वही जपावी.

कलम पाच. देवस्थानाला माझ्या इस्टेटीतून काहीही नाही. विश्वस्त मंडळानं वर्गणीसाठी माणूस पाठवू नये. माझ्या तेराव्याला प्रसाद पाठवला तर परत करावा.

माझं शिवणयंत्र शेजारीण वत्सलाबाई आघाव यांना द्यावं. त्या खोपीत मला चार दिवस भाकर सरकवून देत होत्या आणि सोबत बसत होत्या. त्यांना विटाळ होण्याची भीती वाटली नाही.

कलम सहा. कलम तीनमधल्या पैशाला एक अट आहे. समितीच्या शेवटच्या पत्रात असं वाक्य आहे: "एकोणीसशे त्र्याण्णवनंतरची तेवीस वर्षांची नोंद अखंड व उत्कृष्ट दर्जाची आहे, परंतु दीर्घ पल्ल्याच्या अंदाजासाठी ती अपुरी ठरते." माझ्या पैशावर जे संशोधन होईल, त्याच्या अहवालात ही नोंद वापरली तर ती अखंड कशी झाली ते त्याच पानावर छापावं. तळटीपेत बारीक अक्षरात नव्हे. छापलं नाही तर पैसे परत घेऊन प्रियदर्शनीला द्यावेत. योगिताला हे मान्य आहे, तिनं तसं लिहून दिलं आहे.

छापायचा मजकूर असा.

ब्याण्णवच्या पावसाळ्यानंतर तपासणीला साहेब आले. त्यांनी शेजारच्या गावांची रजिस्टरं लावून पाहिली आणि मालकांना तंबी दिली, पुन्हा असं दिसलं तर मानधन बंद. त्र्याण्णवच्या मे महिन्यात मालकांनी मला एका खाजगी दवाखान्यात नेलं. माझं थोडं अंग दुखायचं, तेवढंच. डॉक्टर म्हणाले पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. मी चौतीस वर्षांची होते. मी म्हणाले दुसरीकडं दाखवू. मालक डॉक्टरांसमोर म्हणाले, "कशाला? काढून टाका येकदाची. हिची बी कटकट जाईल आन् माझ्या रजिस्टरची बी."

पिशवी काढली. सात जूनला टाके ओले असताना मी देवळाच्या आवारात गेले. कोणी अडवलं नाही. त्या सकाळी चौदा मिलिमीटर पाऊस होता. मी माप घेतलं, आकडा लिहिला, आणि मालकांनी सही केली.

लिहून ठेवणार: सत्यभामा शहादेव बडे (सही)

आम्हां दोघांसमोर सत्यभामाबाईंनी हा कागद मोठ्यानं वाचला व सही केली. एकही शब्द त्यांनी गाळला नाही.

साक्षीदार:
१. आश्रुबा भगवान केदार, निवृत्त शिक्षक, शिरूर कासार (सही)
२. सारजाबाई आश्रुबा केदार, शिरूर कासार (सही)

ठिकाण: शिरूर कासार, जिल्हा बीड
तारीख: ९ जुलै २०२५