यान उतरतानाची धून

रविवार, संध्याकाळ. चोपडा.

चुलतभाऊ दिलीप आज जळगावहून त्या अंतराळपटाच्या संगीताचा नवा संच घेऊन आला. सिनेमात कापलेले तुकडेही त्यात आहेत. आम्ही दोघे या संगीताचे जुने वेडे. यान उतरतानाची धून प्रथमच पूर्ण ऐकली, अगदी स्वच्छ. मजा आली, खोटं कशाला लिहू?

पण धून मध्येच हळू होते, तिथे आम्ही दोघांनीही मान वर केली.

लहानपणी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून हीच धून भरली होती. नेमकी त्या जागी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली होती, "जेवाले चला रे, भाकर थंडी व्हई राहिनी." धून खराब केली म्हणून केवढे चिडलो होतो तिच्यावर. पुढे सीडी मिळाली, तिच्यात ही धून हळू होण्याआधीच तोडलेली होती, आणि ती कॅसेट कधी भंगारात गेली, कुणाचं लक्षही नव्हतं. आता आई नाही. तिचा आवाज दुसरा कुठेच भरलेला नाही.

दिलीपने धून मागे नेऊन पुन्हा लावली. ती हळू झाली. आम्ही पुन्हा थांबलो.

"याम्हा काकू नही शे रे," तो म्हणाला.

साफ आवाज हवा होता ना आम्हाला. मिळाला.