अण्णांना डोंगर दाखवला त्याची हकीकत

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच, माझा गुडघा वाकायला तयार नाही, कारण पुढे येईल.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून दोघे एकत्रच नांदताहेत? आम्ही सगळे ठीक. अण्णा तर फारच ठीक. तू माझ्यावर सोपवलेल्या कामाचं काय झालं ते शेवटी लिहितो. आधी शांतपणे हकीकत वाच.

ठरल्याप्रमाणे शनिवारी पहाटे मी, सौ. आणि अण्णा असे भाड्याच्या गाडीने डोंगराकडे निघालो. ऐंशी वर्षांच्या माणसाला निसर्ग दाखवायचा म्हणजे काय दाखवायचं याचा मी आठवडाभर अभ्यास केला होता. तो पहिल्याच वळणावर वाया गेला. समोर अख्खी दरी धुक्यातून वर येत होती, लोक माना वेळावून "अहाहा" करत होते, आणि अण्णा कठड्याचा पाईप बोटाने वाजवत उभे. हा खडकात किती आत बसवला असेल, असं त्यांनी मला विचारलं. मला कसं ठाऊक असणार? मग त्यांनी ते ड्रायव्हरला विचारलं, फोटोवाल्याला विचारलं, शेवटी एका नवपरिणीत जोडप्याला विचारलं. पुढच्या जागी नाणं टाकून लांबचं पाहायची दुर्बीण होती. सौ.ने नाणं टाकलं. अण्णांनी दुर्बिणीतून पाहायचं सोडून दुर्बिणीकडेच सगळ्या बाजूंनी पाहिलं, नाणं पडतं कुठे ते वाकून शोधलं, आणि तेवढ्यात वेळ संपली.

नंतर रोपवे. पाळणा सुटला तसे अण्णांनी दांडा धरला आणि डोळे मिटून घेतले ते वर पोचेपर्यंत उघडले नाहीत. सौ. घाबरली. मी तिला खुणेने गप्प केलं. अगं, चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस! तो ऐकत होता! निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी कान अजून कामावर जातात, हे पाहून मला भरून आलं.

वर पोचल्यावर त्यांना बाकावर बसवलं. तुझं काम तिथेच उरकावं म्हणून धीर गोळा करत मी चहा आणायला गेलो. परत येतो तर बाकावर फक्त टोपी! पायऱ्या चढलो, उतरलो, पुन्हा चढताना घसरलो (गुडघा). लाउडस्पीकरवरून पुकारा करवला, "पांढरे केस, करडा स्वेटर, वय ऐंशी." पाच मिनिटांत तसे चार गृहस्थ हजर झाले. त्यातल्या एकाला तर आमच्याबरोबर यायचीही तयारी होती. पण अण्णा नाहीत. समोर खोल दरी, आणि तुला मी काय तोंड दाखवणार होतो?

इतक्यात रोपवेच बंद पडला. रांगेतले लोक चिडले. मी हताश होऊन सौ.कडे पाहिलं, तर ती शांतपणे म्हणाली, "यंत्र थांबलंय ना? मग अण्णा तिथेच असणार."

'प्रवेश बंद' लिहिलेल्या दाराआड अण्णा होतेच. भल्यामोठ्या चाकाच्या बेअरिंगला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ त्यांनी कानामागे धरली होती. शेजारी आडदांड मशीनवाला वर्गात उभं केल्यासारखा उभा. ग्रीस जायची नळी तुंबली होती, आत थेंबही पोचत नव्हता. अण्णांच्या सांगण्यावरून त्याने चाक थांबवलं होतं, आणि आता ते हळूहळू फिरवून दाखवत होता. "ये, ऐक," अण्णा मला म्हणाले. मी मूठ कानाला लावली. ताई, आत कुणीतरी वाळू चावत होतं! नळी मोकळी करून ग्रीस भरल्यावर पुन्हा ऐकलं, तर नुसता सुं असा आवाज. शेहेचाळीस वर्षं मी या माणसाचा मुलगा आहे, पण तो दिवसभर काय ऐकतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सव्वा तासाने पाळणे सुटले. रांगेत कुणीतरी ओरडलं, "कोण तो म्हातारा, ज्याने हे बंद पाडलं?" मी ढगांकडे पाहू लागलो. सौ. मात्र ताठ मानेने म्हणाली, "माझे सासरे. त्यांच्यामुळे तुम्ही धड खाली जाताय." उतरताना अण्णांनी एकदाच डोळे उघडले. "अरे, केवढं खोल आहे हे! सकाळीही असंच होतं का?"

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू म्हणाली होतीस, डोंगरावर माणसाचं मन मोठं होतं, तिथेच त्यांना सांग की आता तिसऱ्या मजल्यावर एकटं राहणं पुरे, जागा सोडून आमच्याकडे या. राहिलं ते. हातात स्क्रूड्रायव्हर घेतलेल्या माणसाला कसं सांगायचं? तू थोरली आहेस. रविवारी फोनवर तूच सांग. मी तेव्हा बाहेर गेलेला असेन.

आणखी एक : अण्णा परवापासून आमच्याकडेच आहेत. पाय मोकळे करायला निघालेत, म्हणून पत्र त्यांच्याच हाती पेटीत टाकायला देतो आहे.

(खालचा मजकूर माझा, म्हणजे तुझ्या वडिलांचा.)

चि. बाळ, आशीर्वाद. पाकिटाचा डिंक कितपत धरतो ते पाहायला जरा ओढलं, तर उघडलं. थोड्या दुरुस्त्या. सव्वा तास नव्हे, पंचावन्न मिनिटं. पाळण्यात डोळे मिटले ते भीतीने. माझं आयुष्य लिफ्टच्या विहिरीत, चार भिंतींच्या आत गेलं, उघड्यावर लोंबकळायची मला सवय नाही. आणि बाकावरून मी आवाज ऐकून उठलो नाही. तुझा भाऊ सकाळपासून "अण्णा, एक विचारू?" म्हणून चहाचं विचारत होता. काहीतरी येणार हे कळलं, म्हणून सटकलो. आवाज वाटेत भेटला.

जिन्यात हल्ली मला दुसऱ्या मजल्यावर बसावं लागतं. हे कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी फोन कर. पण सांगू नकोस, विचार. पहिल्यांदा मी नाही म्हणेन. तू पुन्हा विचार.