खोगीर पाठीवर

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण

आज हंस भाजायचा दिवस. आम्ही घोडा खाल्ला! तोही शेवटचा.

सकाळी ड्यूकचा निरोप्या तटाखाली ओरडून गेला — काउंट गोसलीननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, अनवाणी, पाठीवर खोगीर घेऊन छावणीत यावं. ड्यूक खोगिरावर पाय ठेवेल आणि सगळं माफ. नाहीतर वेढा उठणार नाही.

ड्यूकला न विचारता बुरूज बांधला, त्याची ही शिक्षा. नका बांधू म्हणून मी किती सांगितलं! तेव्हा नवरोबा म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

आज खोगिराचं ऐकून गोसलीन हसला. "मरेन, पण वाकणार नाही."

१३ नोव्हेंबर

स्वयंपाकीण पेर्नेल म्हणाली, "बाईसाहेब, ओकची फळं दळून संपली. आता जातंच दळायचं राहिलंय." काल तिची नात गेली — भुकेनं. तरी ही थट्टा करते. मला नाही हसता आलं.

गोसलीनपाशी गेले. म्हणाला, "माझी इज्जत गेल्यावर ह्या लोकांना जगून काय करायचंय?"

विचारलं होतं का कुणी त्यांना?

१४ नोव्हेंबर

ठरलं. मी जाते.

१५ नोव्हेंबर

गेले! चोरदरवाजातून. अनवाणी, अंगात नुसता झगा, पाठीवर खोगीर. मेलं जड किती! शिपाई आधी खिदळले — "अरे, काउंटनं बायको पाठवली!" मग एकेक जण वाट सोडून बाजूला सरला. मी ड्यूकपुढे गुडघे टेकले. पोरगाच तो. तांबडालाल झाला.

"काउंट कुठं आहेत?"

"येत नाहीत. मी आलेय. ठेवा पाय."

"बाईमाणसाच्या पाठीवर?"

"ठेवा ना! सगळं सैन्य बघतंय. उद्या गावोगाव गाणी म्हणतील तुमच्यावर."

त्याला पाय ठेवता येईना. मला परतही पाठवता येईना — खोगीर घेऊन आलेल्याला जो माफ करत नाही, त्याला आमच्याकडे कुणी धनी मानत नाही. शेवटी त्यानं स्वतःच खोगीर उतरवलं. माझे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. मी निष्ठेची शपथ घेतली.

त्याचा म्हातारा कारभारी चक्रावला. "हुजूर, शपथ ह्यांनी घेतली, मग किल्लाही ह्यांचाच होतो!"

"होऊ दे," ड्यूक म्हणाला. "आला कोण? ह्याच ना?"

मला दिलेल्या तंबूत येऊन खूप रडले. आनंदानं, रागानं, पेर्नेलच्या नातीसाठी.

१६ नोव्हेंबर

पावाच्या गाड्या घेऊन परतले. दरवाजा बंद! वरून गोसलीन ओरडला, "वाकलेल्या बाईला इथं जागा नाही!"

बरं. ड्यूकला म्हटलं, छावणी हलवू नका. दरवाजासमोरच पावाच्या भट्ट्या पेटवायला लावल्यात, वारा किल्ल्याकडे आहे, वास थेट आत जातोय. तटावरचे पहारेकरी खाली बघताहेत, आणि दरवाजाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत.

वेढा आता माझा.