पाच बाजूंची गोधडी

१० नोव्हें., सोम. उंब्रज.
मिलिटरीतून रिटायर होऊन चौथा महिना. बसून कंटाळा येतो. आज शालनचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. तिला हळद सापडेना. म्हणाली, "आवं, ही पलटण न्हाई, माझं स्वयंपाकघर हाय." लग्न कधीचं झालंय, पण सलग एका घरात राहतोय ते आत्ताच. सुट्टीवर येणारा नवरा वेगळा आणि रोजचा वेगळा.
दुपारी पुण्याहून शिंदेचा फोन. आमच्याच युनिटचा. एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझरची जागा आहे, एकट्यापुरती खोलीही. महिनाअखेर कळवायचं. शालनला सांगितलं. ती पीठ चाळत राहिली.

१२, बुध.
शालन जुन्या साड्या काढून गोधडीला बसली. नेहमीसारखे चौकोनी तुकडे. म्हटलं, चौकोन सगळ्याच करतात, आपण पाच बाजूंचे करू.
"बसायचं न्हाईत."
"का नाही?"
"करून बघा."
आमच्या वैशालीची शाळेतली कंपासपेटी कपाटात होती. वर्तुळ काढलं, मध्यातून ७२-७२ अंशांवर पाच खुणा, रेघांनी जोडल्या. पाची बाजू सारख्या, पाची कोपरे सारखे. देखणा पंचकोन. पुठ्ठ्याचा साचा केला. दिवे लागेपर्यंत कात्री चालू.

१३, गुरु.
नाहीच बसले. तीन तुकडे एका ठिकाणी भिडवले की फट राहते, आणि चौथा तिच्यात मावत नाही. फिरवून पाहिले, पालथे करून पाहिले. शेवटी कोनमापक लावला. एक कोपरा १०८. तीन मिळून ३२४. पूर्ण फेरीला ३६० लागतात. ३६ कमीच. म्हणजे कापण्यात चूक नाही, आकारच तसा.
शालन भाकरी थापत होती. हसत होती. पाहिलं मी.

१५, शनि.
एवढं कापलेलं वाया जायला नको म्हणून तीच बसली. मधे एक तुकडा, त्याच्या पाच बाजूंना पाच. फटी ठेवल्याच नाहीत, कडेला कड ओढून शिवल्या. तर कापड जमिनीवर राहीना, कडा वर आल्या. वाडगाच झाला.
म्हटलं, असा अजून एक कर.
"तुमी करा की."
सुईत दोरा ओवून दिला तिनं. माझे टाके वाकडे. दोनदा उसवले. रागावली नाही.

१६, रवि.
दुसरा वाडगा पहिल्यावर पालथा घातला. एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बरोब्बर. बारा पंचकोनांचा चेंडू. आत चिंध्या कोंबल्या. या नादात स्वयंपाक राहिला, पिठल्यावर भागवलं. लय दिवसांनी इतकं गोड लागलं.

१९, बुध.
वैशाली नातीला घेऊन सांगलीहून आली. नात चेंडू सोडेना, झोपतानाही हातात.
वैशाली : "आई, आबा सुई घेऊन बसतात?"
शालन : "शिकत्यात. हात जड हाय अजून."

२१, शुक्र.
पोरी परत गेल्या. घर लगेच मोठं वाटायला लागलं. गोधडी तशीच राहिलीय. मी हट्टानं फरशीवर खडूनं पाच बाजू काढत होतो. एकदा खाली चौकोन आणि वर छप्पर असं निघालं. शालन वाकून म्हणाली, "ह्ये तर घर झालं." पण बाजू पाचच की. पायाचे दोन कोपरे ९०, छपराचे तीन १२० धरले. घरांची एक ओळ काढली. वर खाचा राहिल्या. तिनं खडू घेतला आणि त्या खाचांत उलटी घरं काढली. कुठं फट नाही.
सगळ्या बाजू सारख्या नाहीत, तरी पंचकोनच. उगाच पुण्यातली एकट्यापुरती खोली आठवली.

२९, शनि.
गोधडीत घरांच्या तीन ओळी शिवून झाल्या. एक तिची, एक माझी, एक दोघांची. माझे टाके लांबून ओळखू येतात.
शिंदेला उद्या कळवायचंय. आज शालननंच विषय काढला. "जायचं आसंल तर जावा. मी आडवी येणार न्हाई. पर गोधडी पुरी करून जावा."
विचारलं, किती लांब करायचीय?
"ठरीवलं न्हाई. कापड लय हाय."