आईने गिऱ्हाइकं परतवली त्याची हकिगत

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि तुमच्या छताची गळती या तिन्हींची प्रकृती कशी आहे? इकडे आम्ही बरे आहोत. आई तर इतकी बरी आहे की सबंध किनाऱ्याला तिचा धाक आहे. तेच सविस्तर लिहायला बसलोय.

तू सासरी गेलीस तेव्हा आपल्या वाळूच्या पट्ट्याला कोणी फुकटही विचारत नव्हतं. (तुझं लग्न दोनदा मोडता मोडता राहिलं ते 'मुलगी कुठली' या प्रश्नावरच.) काकांनी वाटणीत आतली जमीन घेतली आणि बाबांच्या पदरात ही वाळू टाकली, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नव्हते. पुढे एक छातीचे डॉक्टर आले. चिठ्ठीवर औषधाच्या जागी 'ऊन' असं लिहून ते पेशंट इकडे धाडू लागले. पेशंट खुर्च्या टाकून बसत, खोकत, आणि महिन्याभरात गाल भरून परत जात. ते गाल बघून त्यांचे धडधाकट नातेवाईक यायला लागले. नातेवाइकांसाठी खोल्या झाल्या, खोल्यांसाठी रस्ता झाला, रस्ता झाला म्हणून बिल्डर आले. आता दहा-दहा मजले उभे आहेत. खाऱ्या वाऱ्याने सगळ्यांची कुलपं गंजतात, म्हणून माझं कुलपांचं दुकान चालतं. मालक वर्षातून चार दिवस येतात, दार उघडत नाही, मग मला बोलावतात. आत जावं तर पडदे ओढलेले (उन्हाने सोफ्याचा रंग उडतो म्हणे) आणि भिंतीवर समुद्राचं चित्र.

गेल्या हिवाळ्यात एक एजंट आला. शेजारच्या मोकळ्या जागेत इमारत व्हायची होती. ती अजून कागदावरच असल्यामुळे गिऱ्हाइकांना समुद्राचा देखावा दाखवायला त्याला आपली गच्ची हवी होती. मी भिडेखातर हो म्हटलं. गच्चीचा जिना आईच्या खोलीतून जातो हे माझ्या लक्षात होतं, आईचा स्वभाव तेवढा विसरलो.

आई प्रत्येकाला आधी बसवून घ्यायची, पाणी द्यायची आणि मग प्रामाणिकपणे सगळं सांगायची. दारं फुगतात, मिठाचा दगड होतो, सकाळी इस्त्री केलेला कपडा दुपारी ओलसर लागतो, आणि वारा सुटला की नवराबायकोला एकमेकांचं ऐकू येत नाही. (या शेवटच्या मुद्द्यावर एक गृहस्थ जागा घ्यायला निघाले होते, पण त्यांच्या बायकोने त्यांना उठवलं.) सहा गिऱ्हाइकं जिना न चढताच परत गेली. एजंट काकुळतीला आला. "आजी, थोडं चांगलंही सांगा ना."

"तू सांग, काय चांगलं आहे ते," आई म्हणाली. त्याने कधी समुद्राकडे नीट बघितलंच नव्हतं, त्यामुळे तो हातातला नकाशा उलगडून शोधायला लागला.

मग एक निवृत्त नर्सबाई आल्या, एकट्याच. त्यांनी आईचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माझ्या वॉर्डाच्या खिडकीतून पलीकडच्या वॉर्डाची भिंत दिसायची. छत्तीस वर्षं तीच बघितली. दारं फुगली तर फुगू देत."

आई उठली. मग स्वतः त्यांचा हात धरून त्यांना गच्चीवर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "आपलं घरही देऊन टाक त्या इमारतीसाठी. मी या घरात आयुष्यभर चूल फुंकली आणि वाळू झाडली, समुद्र बघितला नाही. ज्यांना बघायचाय त्यांना बघू दे." बदल्यात आपल्याला मिळणारी जागा मात्र मागच्या बाजूला हवी, रस्ता आणि बस थांबा दिसेल अशी, ही तिची अट. एजंट म्हणाला, ती बाजू कोणीच मागत नाही. आई म्हणाली, "मग भांडण नाही."

घर रिकामं केलं त्या दिवशी शेवटचं कुलूप मला लावता येईना. सबंध किनाऱ्याची कुलपं माझ्या हातची, पण आपल्याच दाराशी मी नवशिक्यासारखा उभा. आईने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप लावलं. मग पाण्याकडे गेली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, "लोक म्हणतात तेवढं काही नाही." पण बाहेर यायला तिने चांगला अर्धा तास लावला, ताई.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. इमारत व्हायला दोन वर्षं लागतील. तोवर आम्ही दोघं दुकानामागच्या खोलीत आहोत. तिथे दोन माणसं मावतात, तीही एकाने श्वास आत घेतला तर.

आणखी एक. हे पत्र तुझ्या हातात कोणी दिलं ते तुला दिसतंच आहे. न विचारता लेकीकडे राहायला जायचं नाही, आधी तिला वाचू दे, असं आईचं म्हणणं. म्हणून पिशवी खाली न ठेवता ती तुझ्या दाराबाहेर उभी असेल. मी उगाच लांबलचक लिहीत बसलो. आता कागद ठेव आणि तिला आत घे.