वाचनालयाची दोन कुलपं

गुरुवार, १२ मार्च

ताई,

तू बरी असशील, भाऊजींचा गुडघाही आता कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. आई ठीक. बाबांचा आवाज ठणठणीत, वखारीत यंत्र सुरू असतानाही ऐकू येतो. मी सकाळी फळ्या मोजतो आणि दुपारी गिऱ्हाइकांशी भांडतो. कॉलेजचं विचारू नकोस.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं बोलायचं राहून जातं.

तर बातमी अशी, की वाचनालय उघडलं. ते बंद कसं झालं हे तुला नीट माहीत नसेल. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोण, यावरून नगरपालिकेत जुंपली. बाबांच्या पक्षाला त्यांचा माणूस हवा, औषधवाल्या काकांच्या पक्षाला त्यांचा. नगरसेवक दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे निर्णय म्हणून होईना. दुसऱ्यांनी गुपचूप आपला माणूस आत नेऊन बसवू नये म्हणून बाबांनी दाराला कुलूप ठोकलं. ते बघून औषधवाल्यांनी त्याच कडीला दुसरं लावलं. सभेत विषय निघाला की एक बाजू तावातावाने उठून चालती व्हायची आणि सभा तहकूब. कधी हे उठायचे, कधी ते. अख्खा हिवाळा यात गेला.

माझं डोकं तुला ठाऊक आहे. एक दिवस वखारीतून लोखंड कापायची करवत उचलली आणि निघालो. वाचनालयाच्या पायरीवर औषधवाल्यांची धाकटी अभ्यास करत बसली होती. रोज तिथेच बसते, घरी दुकानाचा गोंगाट असतो म्हणून. मला कसं माहीत, ते सोड.

"तोड की," ती वर न बघताच म्हणाली. "उद्या माझे बाबा नवीन लावतील, परवा तुझे. मग तीही मोजत बस. फळ्या मोजतोसच."

"मग काय करू? हात जोडून उभा राहू?"

"बस. नगरपालिकेच्या जिन्यावर."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिने खरंच माणसं जमवली. शाळेतल्या बाई, न्हावीदादा, दोन्ही पक्षांना मतं देणारे शेजारी. सभागृह वरच्या मजल्यावर आणि जिना एकच. सभा असली की आम्ही त्या जिन्यावर. तिचा नियम असा, की वाट अडवायची नाही, ओरडायचं नाही. कोणी सभा सोडून निघाला की सरकून जागा द्यायची आणि फक्त विचारायचं, कुठे निघालात? मला तिने तोंडात लवंग धरून बसायला सांगितलं होतं. लवंग संपेपर्यंत राग ओसरतो म्हणे. माझा डबीभर लवंगांनीही ओसरला नाही, पण तोंड बंद राहिलं.

आणि ताई, आई आली. विणकाम घेऊन, बाबांना न सांगता. बाबा नेहमीसारखे तणतणत खाली उतरले तर चौथ्या पायरीवर आई.

"झाली का सभा?"

"झाली नाही. आम्ही सोडली."

"मग जा ना वर," आई म्हणाली. "आम्हाला घाई नाही."

बाबा तिथेच उभे. मागे त्यांचे सगळे नगरसेवक खोळंबलेले. शेवटी वळले. पुढच्या सभेत औषधवाल्यांना त्यांच्या बहिणीने असंच परतवलं. मग हळूहळू लोक बसायला लागले, बसले म्हणून बोलायला लागले. दोन्ही नावं मागे घेतली. रीतसर जाहिरात देऊन माणूस निवडायचा, तोवर दोन्हीकडच्यांनी आळीपाळीने वाचनालय चालवायचं. सगळे हात वर. मला तर विश्वासच बसेना.

पण दारापाशी आल्यावर पुन्हा तेच. "आधी त्यांनी काढावं." "का, आधी यांनी का नाही?" मी लवंग चावली. शेवटी बाबा वैतागले आणि त्यांनी आपली किल्ली औषधवाल्यांच्या हातात कोंबली. "घ्या, तुम्हीच उघडा माझं. मग तर झालं?" त्यांनीही खिशातून स्वतःची काढून बाबांना दिली. आणि दोन्ही कुलपं गंजलेली. दोघं खांद्याला खांदा लावून खुडबुड करतायत आणि एकमेकांना शिकवतायत, "अहो, उलटी फिरवा." मला तेल आणायला पिटाळलं.

आता ती पायरीवर नाही, आत खिडकीशी बसते. मी कामावरून सुटलो की जातो. म्हणजे, बाबांच्या पक्षाची पाळी असते तेव्हा कोणीतरी जायलाच हवं. आणि त्यांच्या पाळीलाही मदत लागतेच.

मे महिन्यात तिची प्रवेश परीक्षा आहे. तुझ्या शहरातल्या कॉलेजची. ती पास होणार, मला शंका नाही. मी तिला म्हटलं, मीही येतो. म्हणाली, "कशाला, माझी पिशवी धरायला?" मग जरा वेळाने, पुस्तकातच बघत, "स्वतःसाठी येणार असशील तर ये." याचं उत्तर अजून शोधतोय. झोप लागत नाही, वखारीत दोनदा चुकीच्या मापाची फळी कापली.

तर मुद्दा. तिला तिथे राहायला जागा नाही. वसतिगृह भरलंय आणि ओळखीचं कोणी नसेल तर तिचे बाबा पाठवणार नाहीत. तुझी मागची खोली रिकामी आहे. मी बाबांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ताईला विचार. पण मी सांगितलं असं लिहू नकोस." म्हणून लिहिलं.

मी इतक्यात येणार नाही. आलोच तर माझ्या स्वतःच्या कामाने येईन, आणि आधी कळवीन.

नाही म्हणणार असलीस तर लगेच कळव, म्हणजे दुसरीकडे बघता येईल. हो म्हणणार असलीस तर मात्र थोडे दिवस जाऊ दे, मग कळव.

तुझा,
भडक्या